सतरा कोऱ्या जागा

सोमवार, ९ मे १९७७. जाफराबाद
नातू संपत सायकलवरून पडला. उजवा हात प्लास्टरात. त्याचा प्रोग्राम, म्हणजे मशीनला सांगायची कामं, चौकटीच्या कागदावर साफ उतरवायचाय. एका चौकटीत एकच इंग्रजी अक्षर. शनिवारी त्याचे सर मुंबईच्या मशीनकडं नेणार. प्रोग्राम चालला तर पोराला तिथंच नोकरी. मी म्हणलं, आण इकडं. इंग्रजी येत न्हाई तर काय झालं? गोंदणारीला तरी कुठं वाचता येतंय!

मंगळवार, १०
मशीनीत आकडे ठेवायला डबे असतात म्हणे. डब्याला नाव लागतं. संपतनं घरातलीच ठेवली. आजोबांचं, काकाचं, सर्जा बैलाचंसुद्धा. ह्यांचं कोणतं, विचारायची गरज पडली न्हाई. एक नाव रुबाबदार दिसलं. तेच.
नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. मी असलं मानत न्हाई. बौद्ध झालो तवाच सगळं सोडलं. आज बाकीचं उतरवलं. ते नाव तेवढं राह्यलं. बोट दुखतंय.

बुधवार, ११
कोऱ्या जागा सतरा. संपतला सहज विचारलं, आजोबांच्या नावाऐवजी चांदणी काढली तर? म्हणला, आजी, नावात अक्षर नि आकडा, दुसरं काही चालत न्हाई. चांदणी म्हणजे गुणाकार. मंग म्हणला, सरांचा एक प्रोग्राम आहे, तो मशीनच्या आधी कागद वाचतो नि चांदणीच्या जागी नाव घालतो. मी म्हणलं, झालं की मंग! तर म्हणला, खऱ्या गुणाकाराच्या जागीबी आजोबाच बसतील. हसला मेला. एवढी मुंबईची मशीन, पण बाईमाणसाची अडचण कळंना.

गुरुवार, १२. सकाळी सहा
आज लिहायचंच. बिलकुल.
दुपारी: ऊन लई. शाई पातळ.

शुक्रवार, १३
शेजारची सुगराबी म्हणली, लाव इदर चांगुणा, मैं लिखती, मेरा मरद थोडी है वो! परक्या बाईनं ह्यांचं नाव सतरा वेळा लिहायचं? हाकलली. संपतनं विचारलं, झालं का? म्हणलं, झाल्यातच जमा. पहाटे उठून लिहिते.

शनिवार, १४
सर सातच्या एसटीनं जाणार. साडेसहाला कागद दिला, कोऱ्या जागांसकट. संपतनं आपल्या कागदाशी ताडून बघितलं. म्हणला, आजी, कोरं सोडलंस ते तर सर्जाचं नाव. आजोबांचं तू चव्वेचाळीस वेळा कोरून लिहिलंस की!
डाव्या हातानं त्यानं नऊ जागा भरल्या, तवर एसटी गेली. नोकरीबी गेली. पोरगं तोंड फिरवून बसलंय.
हे ओट्यावर ऐकून राह्यल्ते. कितीदा म्हणलास, म्हणले. संपत म्हणला, चव्वेचाळीस. आत जाऊन आडवे झाले. मी म्हणलं, असलं काही नसतंय, उठा. उठले न्हाईत.
दर घंट्याला मी त्यांची नाडी बघून राह्यले. बराबर चालू आहे. आत्ता परत बघितली.