पुसूनही न निघालेला जांभळा रंग

दहा वेळा फोन केला, एकदाही आईचा फोन उचलला नाहीस, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवतेय. ठमीच्या रक्ताचा रिपोर्ट आला.

महिनाभर लेकीवर ओरडत होतास. म्हणे जिना चढायचा कंटाळा करते, आत्याची रंगाची डबी चोरून पापण्या जांभळ्या करते! मी ओल्या फडक्याने पुसलं तर रंग निघेना, आणि वेणी घालायला पोरीचे हात वर जाईनात. तेव्हा तुला न विचारता मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. स्नायूंचा आजार निघाला, पापण्यांवरचा जांभळा रंगही त्याचाच. रक्तात त्याची खूण, ती अँटिबॉडी, सापडली. तुझ्या कॉलेजाला माझी तिसरी इयत्ता भारी पडली बघ.

मोठ्या माणसात हीच अँटिबॉडी सापडली तर कॅन्सर आहे का शोधावं लागतं, लहान मुलांत तसं नसतं. दोनदा विचारून घेतलंय, तेव्हा मोबाईलवर वाचून बोंब मारू नकोस. औषध आजच सुरू होतंय. पोर पुन्हा पळेल म्हणाल्या.

आम्ही दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर आहोत. तिची उशी घेऊन ये. आल्या आल्या सगळ्या नर्सांसमोर मोठ्याने सांगणार आहे तुला: "माझी नात नाटकी नाही, तूच बिनडोक आहेस. आधी तिची माफी माग, मग बस."