गुरुजींची कविता आणि सूपभर ज्वारी

नवीन जालना, १२ मे १९९३

तीर्थरूप गोजरआत्या,
संपतचा अंबडपर्यंत वाकून नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का? मामांचा खोकला?

माझं विचारू नको. टेंभुर्णीचं तू आणलेलं स्थळ, बद्रीनाथ गुरुजींची बेबीनंदा, त्याचा मी पार सत्यानाश करून आलो.

गुरुजींनी पगार विचारला न्हाई, जमीन विचारली न्हाई. (दोन्हीची उत्तरं मी पाठ करून गेल्तो. स्टँडवर एकजण मुंगूस दाखवून राह्यला होता, त्यात एक बस गेली, ते जाऊ दे.) एक पिवळं पुस्तक उघडून म्हणले, "जुनी कविता आहे. रसग्रहण करा. यमक, वृत्त, भाव." मी बारावी दोनदा सोडलेला माणूस! यमक दिसलं, दोन-दोन ओळींची शेपटं सारखी. वृत्ताला अक्षरं मोजली, एकोणीस, बाराव्यावर दम. आत्या, ही तर बराबर मंगलाष्टकाची चाल! गावोगाव भटकताना लग्नात तीच म्हणून जेवलोय मी. डोळे मिटले अन् खड्या आवाजात लावली.

ओसरीवर बाया ज्वारी निवडत होत्या. कडवं संपलं तशी अंगावर मूठमूठ ज्वारी पडली. (हाताची सवय, त्यांचा काय दोष?) मला वाटलं, पसंती! मंग दुसरं आणखी चढवलं. गुरुजींची बहीण सगुणाबाई ओरडली, "सावधान!" सगळ्या खिदळल्या.

डोळे उघडले तर गुरुजी चष्मा पुसत होते.

"भाव सांगा."

"आनंद."

"अर्थ वाचला का?"

मंग वाचला. बायको गेलेल्या राजाचा विलाप होता तो. समोर भिंतीवर गुरुजीणबाईंचा फोटो, हार घातलेला. गेल्या पोळ्याला त्या गेल्या, हे तूच सांगितलं होतंस अन् मी विसरलो. गुरुजी रागावलेसुद्धा न्हाईत. "चहा घेऊन जा," म्हणले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता बियाण्याच्या गोदामात पोती उचलतो. माझ्यासाठी पुन्हा स्थळ बघू नको. बिलकुल नको.

तुझा नालायक भाचा,
संपत

ता. क. गुरुजींना माफीचं पत्र लिहून राह्यलो. तीनदा फाडलं.

आणखी ता. क. ओसरी माझ्या उजव्या हाताला होती. दुसऱ्या कडव्याला एक मूठ मात्र डाव्या गालावर आल्ती, आतल्या दाराकडून. तिथं कोण उभं होतं, एवढं सगुणाबाईला विचारून जल्दी कळव. बेबीनंदा असली, तर गुरुजींना म्हणावं, पोरानं अर्थ नीट वाचलाय, एकदा परत ऐका.