फ्रीजरमधला शेवटचा हमूर

अहो,

उद्या आपला फ्रीज जातोय. दार्सैतचं हे घर महिनाअखेर तुमच्या कंपनीला परत द्यायचं आहे, मग मी आणि आपली मनू गावी जाणार. कपाट गेलं, खाट गेली, तुमची ती करकरणारी खुर्चीसुद्धा गेली. फ्रीज मात्र मीच मागे ठेवला होता. त्यात तुमचा शेवटचा मासा होता ना! काल तो बाहेर काढला, आणि त्यातून जे निघालं ते तुमच्याशिवाय सांगू कुणाला? म्हणून हे पत्र.

लग्न होऊन मस्कतला आले तेव्हा पहिल्याच शुक्रवारी तुम्ही पहाटे उठून म्हणालात, "नदीवर जाऊन येतो." मी खुळ्यासारखी खिडकीतून नदी शोधत बसले. इथे कुठली नदी? वाद्या म्हणजे नुसते कोरडे ओढे, आणि मग मत्रहचा समुद्र. पण गावच्या नदीत गळ टाकून वाढलेले तुम्ही, खडकावर बसलात की तुमच्यासाठी ती नदीच.

नदीचे ऋतूही तुम्ही बरोबर आणले होते. गावी पावसाच्या तोंडावर चढणीचे मासे, दिवाळीनंतर डोहाच्या कडेला बसणं, वैशाखात पाणी आटलं की कोंडीतले मासे. इथे थंडीत सकाळभर खडकावर मुक्काम, आणि उन्हाळ्यात खडक तापायच्या आत, सातलाच घरी. श्रावणात गळ खुंटीला. मग नारळी पौर्णिमेला मत्रहच्या पाण्यात नारळ सोडायचा, आणि श्रावण संपला की पहिला लागलेला मासा परत पाण्यात. "पहिला पाण्याचा," म्हणायचात. मी चिडवायचे, "आणि दुसरा मांजराचा का?" तुम्ही हसायचात, पण मासा सोडायचातच.

किती वेळा म्हणालात, "चल की एकदा माझ्याबरोबर." मी कधी आले? कधी मनूची शाळा, कधी धुणं, कधी नुसताच कंटाळा. सोळा वर्षांत एकदाही नाही. तुम्हीही हट्ट धरला नाहीत, हा तुमचाही दोष आहे बरं का! जरा ओढून न्यायचं होतं मला.

एवढ्याशा स्वयंपाकघरात माशाची घाण नको, हा माझा नियम. तो तुम्ही कधी मोडला नाहीत. गळ काढून, खवले काढून, पोट साफ करून, धुऊन मासा आणायचात. मला फक्त मीठ-मसाला लावायचं काम.

आणि श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, रविवार म्हणजे इथला कामाचा दिवस असूनही, कामावर जायच्या आधी तुम्ही गेलात. आलात तेव्हा हातात अख्खा हमूर, खवल्यांसकट! माझा पारा चढला. "आज काय झालं? साफ करायला हात दुखत होते का?"

तुम्ही म्हणालात, "जरा दुखतायत."

मला वाटलं, थट्टा करताय. माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. मासा तसाच पिशवीत गुंडाळला, फ्रीजरमध्ये कोंबला आणि म्हटलं, "आता श्रावणानंतर बघू." अंघोळ करून कामावर गेलात. तुम्ही दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करायला गेलात आणि मी तुम्हाला डबा दिला, दुधी भोपळ्याचा.

नऊ दिवसांनी तुमचं हृदय थांबलं.

तुम्हाला गावी नेलं. सगळे दिवस तुमच्याच नदीच्या काठावर केले. तेराव्याला श्रावणच होता, म्हणून तुमच्या पानात वालाची उसळ वाढली. काय तोंड वाकडं केलं असेल तुम्ही! पण काय करणार? सगळे म्हणाले, श्रावण आहे.

परत आले तर घर बंद, फ्रीज चालू, मासा दगडासारखा घट्ट. तीन वेळा तुम्हीच दुरुस्त केलेला फ्रीज तो, तुमचं काम चोख. दोन महिने रोज दार उघडून बघत होते. करवतही नव्हता, टाकवतही नव्हता.

काल सकाळी विळीवर घेतला. मनू शेजारी होती. डोकं कापलं तर घशात काहीतरी लखलखलं. मनू म्हणाली, "आई, हे बघ, हुक आत राहिलाय. बाबा तर ऑलवेज काढायचा ना?"

हो गं बाई, काढायचा. नेहमीच काढायचा. त्या दिवशी दोरी तोडून, गळ तसाच ठेवून घरी आला. बोटांत तेवढीही ताकद नव्हती. त्याच दिवशी मी मासा चिरला असता तर मला कळलं नसतं का? अहो, तुमचा गळ मला सांगत होता आणि मी त्याला बर्फात घातला!

कोकम घालून तिखलं केलं. डोकं तुमच्या वाट्याचं, ते वेगळं काढलं. संध्याकाळी मनूला घेऊन मत्रहला गेले, पहिल्यांदा. तुमचा खडक विचारत विचारत शोधला. तिथे दोरी टाकून बसलेले एक म्हातारे ओमानी चाचा मनूच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "रफीक का बेटी? रफीक किधर? सफर?" तुम्हाला ते रफीक, म्हणजे दोस्त, म्हणायचे वाटतं.

मी म्हटलं, "खलास, चाचा."

त्यांनी दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "उस दिन वो हाथ पकड़के बैठा था. हम बोला, यल्ला, डॉक्टर के पास जाओ. वो बोला, एक मछली मिलने दो. कल से मैडम का रोजा है, एक महीना मछली नहीं खाएगा."

माझ्यासाठी! माझा श्रावण, माझी माशाची आवड, आणि तुम्ही दुखरा हात धरून त्या तापत्या खडकावर बसून राहिलात. असं का केलंत हो? मी काय एक महिना भाजी खाऊन मेले असते?

डोकं पाण्यात सोडलं. घरी येऊन उरलेलं तिखलं आम्ही दोघींनी रडत रडत खाल्लं. काटासुद्धा चोखून खाल्ला. टाकलं काही नाही.

गळ धुऊन, तेल लावून मनूच्या कंपासपेटीत ठेवलाय. पुढच्या श्रावणानंतर गावची नदी उतरली की आम्ही दोघी तुमच्या जागेवर जाऊन बसू. मला गळ टाकता येत नाही, शिकेन. पहिला मासा पाण्याचा. दुसरा लागलाच तर त्याच दिवशी चुलीवर. आणि यापुढे घरात कुणी "जरा दुखतंय" म्हणालं, तर हातातलं काम टाकून आधी त्याच्याजवळ बसेन.

तुमची,
नीलू