तूर कशानं वाळली

प्रिय सुमन,

तुझी नात पल्लवी काल पिंपळगावला आली आणि आपल्या वावरातली तूर कशानं मरते ते सांगून गेली. ऐकायला तू नाहीस. मग सांगू कोणाला? म्हणून हे पत्र.

आठवतं का गं? महाराष्ट्र नुकताच झाला होता. एकाच मांडवात आपण दोघी दोन भावांच्या बायका झालो. दुपारी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, आडव्या पडून तुरीच्या पिवळ्या फुलांतून आभाळ बघायचो. तू म्हणायचीस, "बाई, आपुन पान्याखाली हाओत असं वाटते." मलाही वाटायचं!

मग वावराची वाटणी झाली. त्याच साली तुमच्या धुऱ्याला लागून असलेली आमची तूर, शेंगांनी लगडलेली, उभ्या उभ्या वाळली. आमच्या ह्यांनी खोड चिरलं. आत काळी रेघ. "नाम्यानंच मुळाशी काहीतरी ओतलं!" सख्ख्या भावाचं हे बोलणं ऐकून भाऊजी उठले. निघून गेले, ते पुन्हा आमच्या दारात आले नाहीत.

आणि आपण? धुऱ्याच्या दोन बाजूंना पाठमोऱ्या बसून तण निंदायचो. तू गुणगुणायचीस, मला ऐकू येईल एवढंच. एकदा तरी वळून हाक मारायचीस की गं!

पल्लवीनं हिवाळ्यात त्याच तुकड्यातली माती आणि वाळलेली झाडं तपासायला नेली होती. म्हणाली, "मोठी आजी, बुरशीच्या पेशीत डीएनए असते, चारच अक्षरं पुन्हा पुन्हा येनारी लांबच लांब ओळ. ते ओळ मशीनवर वाचली. तुरीच्या मर रोगाची बुरशी निंगाली. मातीत राह्यते, मुळातून आत शिरते. तवाची माती मी कुठून आनू? पन खोडात काळी रेघ होती म्हनता, म्हंजे हेच असन."

"म्हंजे नाम्यानं काही केलं नोतं?" ह्यांनी विचारलं.

"नाही, मोठे आबा. कोनीच नाही."

हे उठले. मग काठी उचलली.

"कुठं चालले?"

"नाम्याकडे."

मी मागोमाग गेले. तू गेल्यापासून भाऊजी खाटेवरच असतात. हे खाली बसले. "नाम्या, बुरशी होती बे ते. माह्यं चुकलं."

भाऊजींनी ह्यांच्याकडे मान वळवली. "सुमनले ऐकाचं होतं हे," एवढंच म्हणाले. मग हळूच सरकले आणि भावाला खाटेवर जागा केली.

आता डोळे मिटले की जमिनीखालचं दिसतं. केसाहून बारीक पांढरे धागे, ह्या वावरातून त्या वावरात चाललेले. त्यांना कुठली वाटणी ठाऊक! आणि वर कुठेतरी तू गुणगुणतेस असं वाटतं. खरंच असतेस का गं तिथे?

पल्लवी म्हणते, त्या तुकड्यात काही वर्षं तूर नको, ज्वारी घ्या. घेऊ. आणि सुमन, माझा शब्द आहे तुला: भाऊजी आता एकटे जेवणार नाहीत. दोघा भावांची ताटं मी शेजारी शेजारी वाढीन.

तुझी जाऊ,
इंदू