यंदाची चटणी ब्याडगीची

सदलगा, चैत्र

नेमगोंडा,

लगीन करूया का, असं इचारून गेलासा त्याला महिना झाला. चटणीच्या गडबडीत उत्तर राहिलं.

आमचं मालक गेल्यावरबी बारा वर्सं मी त्यांच्या आवडीची जहाल संकेश्वरी मिरचीच कांडली. ती चाखून तुमी कसं रडलासा, ठावं हाय न्हवं? यंदा बाजारातनं कशी कोण जाणं, कमी तिखट ब्याडगीच घेऊन आले. कांडताना शेजारच्या कमलाक्कानं चाखली आन म्हणाली, "चंदना, एवढं सपक तुझ्या घरात कोण खातंय गं?" मी पदरात तोंड घालून हसले.

हे पत्र चुलीत घालते. बरणी तेवढी निपाणीला तुमच्या घरी धाडते. जेवताना पाणी मागावं लागलं न्हाय, की उत्तर कळंल.

अजून तरी सदलग्याचीच,
चंदना