फोटोच्या कडेचा हात

माय, तुझा धुळ्याचा फोटो आठ दिवसांपासून माझ्या पर्समध्ये आहे, आणि ती पर्स मी स्वयंपाकघरातसुद्धा काखेत मारून फिरते आहे. घरच्यांना वाटतंय, बाईला वेळेआधीच म्हातारचळ लागला. झालं असं, की पुढच्या आठवड्यात तुझ्या नातीला पदवी मिळणार, इथेच जळगावात. तिनं जुने फोटो मागितले. आजी, आई आणि ती, असे तिघींचे फोटो एकामागून एक लावून ती मोबाइलवर काहीतरी करणार आहे आणि पदवीच्या दिवशी सगळ्यांना पडद्यावर दाखवणार आहे. म्हणून तू गेल्यावर चौदा वर्षं माळ्यावर पडलेला तुझा पत्र्याचा डबा मी खाली काढला. तिनं त्यातला तुझा फोटो मोबाइलनं टिपला, दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, "आई, आजीच्या बाजूला दाराशी हा हात कुणाचा आहे? पुसून टाकू? एका सेकंदाचं काम आहे." मी अशी किंचाळले, की तिचे बाबा अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. "कुणाचा हात ते मला काय माहीत," मी म्हटलं, "पण राहू दे तसाच." पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मला काही माहीत नाही, हे वाक्य मी इतकी वर्षं इतक्या वेळा म्हटलं आहे, की ते आता माझ्या तोंडून आपोआप येतं.

तो दिवस तुला आठवत असेल. नसेल कसा! धुळ्याच्या कॉलेजात माझा पदवीदान समारंभ. आपल्या घरातली पहिली पदवी, म्हणून तू आणि आबा पहाटेच्या गाडीनं भडगावहून निघालात, तुझ्या मांडीवर कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं. जळगावला नोकरीला असलेल्या मामानं, तुझ्या थोरल्या भावानं, स्वतःचा कॅमेरा दिला होता. रोल त्यानंच भरून दिला आणि बजावलं होतं, "छत्तीस फोटो निघतात, हिशोबात काढ. संपला की माझ्याकडे पाठव, मी धुवून आणतो." काळा गाऊन तासाभरासाठीच मिळाला होता. आबा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "वकील व्हयनी का रे भो आपली आंडेर!" आपली लेक वकील झाली की काय, असं ते मैदानावरच्या चार अनोळखी माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले. मी लाजेनं अर्धी झाले. तू हसलीस, पण तुझं लक्ष तिथे नव्हतं. निंबाच्या सावलीत भाकरी खातानाही तू घास हातात धरून रस्त्याकडे बघत होतीस.

मग मी तुम्हाला शहर दाखवायला निघाले. चार वर्षं तिथे शिकले होते, त्यामुळे शहर जणू माझ्याच मालकीचं. पांझरेच्या पुलावर एक फोटो, एकवीरा देवीच्या देवळाबाहेर दोन, आग्रा रोडवर आबांचा एकट्याचा, टोपी नीट करून. तुम्हाला उभं करायचं, मागे सरका, हसा, हलू नका. मी हुकूम सोडत होते आणि तुम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे ऐकत होतात. पाचकंदीलला पोचल्यावर तू एकदम म्हणालीस, "माले त्या गल्ल्या देखन्या शेतस." आबा वैतागले. "गल्ल्या काय देखस? गावमा गल्ल्या नहीत का?" तू कधी काही मागायची नाहीस, बांगडीसुद्धा नाही, म्हणून असेल, पण ते तुझ्यामागे आले. धुळ्याच्या त्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. तुला अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र ओळखायचीस. तू पुढे, बोटांच्या पेरांवर मोजत, आम्ही दोघं मागे. मला वाटलं, म्हातारीला गंमत वाटते आहे. तू तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हतीस, माझ्या आजच्या वयाची.

एका गल्लीत तू वळलीस आणि गादीवाल्याच्या दुकानापुढे थांबलीस. मला आजही तिथेच उभं असल्यासारखं दिसतं. आत कापूस पिंजणं चाललं आहे, तारेचा तो टण् टण् आवाज, उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे कण तरंगताहेत. दुकानाला लागूनच घराचं दार, दारात एक बाई, डोक्यावर हिरवी ओढणी, एक हात चौकटीवर. तू तिच्यापासून दोन पावलांवर जाऊन उभी राहतेस आणि मला म्हणतेस, "आठे काढ एक फोटू." आबा मागून म्हणतात, "आठे? गाद्यास्नं दुकान शे ते." तू ऐकत नाहीस. मी कॅमेरा डोळ्याला लावते. ती बाई जागची हलत नाही. तुझी पाठ तिच्याकडे नाही, तोंडही नाही, तू अशी मधेच कुठेतरी. आणि मी म्हणते, "ओ बाई, जरा आत व्हा ना. फोटो खराब होतोय." ती माझ्याकडे बघते. मग तुझ्याकडे. मग आत जाते. तिचा चौकटीवरचा हात तेवढा निघायचा असतो, तुझं तोंड दाराकडे वळतं, आणि मी बटण दाबते.

परतीच्या गाडीत तू एकदाच बोललीस. "सरनात का बठ्ठा फोटू?" मी म्हटलं, "एक उरलाय अजून." खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "मंग ऱ्हाऊ दे." तो छत्तिसावा फोटो मी घरी येऊन म्हशीचा काढला, आबांच्या आग्रहाखातर.

मामानं फोटो धुवून पाठवले. गाऊनमधला माझा फोटो भिंतीवर लागला, तुझा हा मात्र कुणी बघितलाच नाही, कारण त्यात तुझं तोंड कॅमेऱ्याकडे नसून दाराकडे वळलेलं होतं. बिघडलेला फोटो म्हणून मीच तो बाजूला टाकला होता. तू तो कधी उचललास, कधी डब्यात ठेवलास, मला माहीत नाही. पण आता बघते, तर त्याची एकच कड झिजून पांढरी पडली आहे. जिथे तो हात आहे, बरोबर त्याच्या खाली. अंगठा ठेवून ठेवून.

आणि आठ दिवसांपूर्वी पोरीनं तो हात मोबाइलवर मोठा केला, तेव्हा त्यावरचा मोर दिसला. बिनपायांचा. माय, मी लहान असताना तुझ्या मनगटावरच्या मोरावरून बोट फिरवायचे, तेव्हा तू सांगायचीस, की यात्रेत तू आणि तुझी धाकटी बहीण एकाच दिवशी गोंदवून घ्यायला बसलात. तू दात आवळून पुरतं गोंदवून घेतलंस. तिनं मात्र मधेच हात ओढून घेतला आणि रडत पळाली. "तिना मोर आजून लंगडाच शे," असं म्हणायचीस तू. शे म्हणायचीस, म्हणजे आहे; व्हता कधीच नाही. घरात मात्र सगळे सांगायचे, की मावशी लग्नाआधीच तापानं गेली.

तुझ्या दशक्रियेच्या दिवशी, नदीवरून परत येताना, मामाला राहवलं नाही, त्यानं सगळं सांगून टाकलं. दिवाळीनंतर गाद्या भरायला गावात येणाऱ्या पिंजाऱ्याच्या मुलाबरोबर ती धुळ्याला गेली, लग्न केलं, धर्म बदलला. तिसऱ्या दिवशी आजोबांनी सगळ्या घराला अंगणात बसवलं आणि तिच्या नावाची आंघोळ घातली. मेलेल्या माणसाची करतात तशी. "तुन्ही मायना डोकावर मीच घागर ओती," मामा म्हणाला, आणि उपरण्यानं तोंड झाकून रडला. सतरा-अठरा वर्षांची तू, जिवंत बहिणीचं सुतक फेडायला गार पाण्याखाली बसलेली. त्यानंतर तू तिचं नाव कुणासमोर घेतलं नाहीस. गल्लीचा नंबर तुला कुणी सांगितला होता, ते मामालाही ठाऊक नाही. मी त्याला म्हटलं, "मामा, मला यातलं काहीच माहीत नव्हतं." तो म्हणाला, "तुले कसं माहीत ऱ्हाई, बेटा."

तेव्हा तरी मी धुळ्याला जायला हवं होतं. जळगावहून धुळं काही काशी नाही, दीड-दोन तासांची वाट. पण आधी तुझं वर्षश्राद्ध, मग पोरीची शाळा, मग आबांचं दुखणं. सबबींना काय तोटा? गेल्या गुरुवारी मात्र घरी काही न सांगता बसमध्ये बसले. पाचकंदीलला उतरले आणि तुझ्यासारखं पेरांवर मोजत गेले. दुकान आहे. पुढे आता फोमच्या गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभ्या केल्या आहेत, कापूस मागे कोपऱ्यात. पैशाच्या गल्ल्यावर चाळिशीचा माणूस, आणि त्याचं कपाळ, भुवया, अगदी मामा. मी उशी मागितली. "कापसाची?" तो खूश झाला. "आता कोण घेतं ताई कापसाची! सगळे फोमच्या मागे." तो उशी भरत असताना मी विचारलं, पूर्वी इथे दारात एक बाई उभ्या असायच्या ना? "अम्मी," तो म्हणाला. "चार साल झाले, गुजर गई." मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, की त्यांचा एखादा फोटो आहे का. त्यानं मान हलवली. "कार्डावरचा सोडला तर एक पण नाही बघा. कुणी मोबाइल काढला की अम्मी उठून आत जायची. बोलायची, आपल्यामुळं लोकांचा फोटो खराब होतो."

फोटो माझ्या पर्समध्ये होता, माय. हात आत घालून मी तो चाचपलासुद्धा. तो माझा मावसभाऊ, त्याच्या आईचा हात माझ्यापाशी, आणि मी उशी काखेत धरून "येते हं" म्हणाले आणि निघाले. चार वर्षं म्हणजे तू गेल्यावर ती दहा वर्षं होती. मला सगळं कळलेलं असताना ती दहा वर्षं त्या दारात उभी होती, आणि मी इथे दीड-दोन तासांवर होते. उशी मी कपाटात वर ठेवली आहे. तिच्यावर डोकं टेकायची हिंमत होत नाही.

पोरगी अजून विचारते आहे, तो हात पुसू का ठेवू. ठेव, म्हटलं आहे. पदवीच्या दिवशी तो सगळ्यांसमोर पडद्यावर येईल, कुणीतरी विचारेलच, कुणाचा म्हणून. तेव्हा काय सांगायचं, ते ठरवण्यासाठी हे लिहायला बसले होते. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच एवढं तरी लिहायला धजले असेन. हा कागद तुझ्या डब्यातच जाणार आहे.

एक राहिलं. मामाला मी सांगितलं, की मला काहीच माहीत नव्हतं. नवऱ्याला, पोरीला तेच. तुलाही आयुष्यभर तसंच वाटू दिलं. पण मी दहा वर्षांची असताना गच्चीवर बिबड्या वाळत घालताना चुलतआजी शेजारणीला सांगत होती, की धुयाले गयेल पोरनी आंघोय करी व्हती त्यास्नी, ती जित्ती शे. तुझ्या माहेरची धुळ्याला गेलेली पोर जिवंत आहे, हे मी ऐकलं होतं. आणि त्या दिवशी गल्लीत कॅमेरा डोळ्याला लावला, तेव्हा त्या छोट्या खिडकीत मला एकाच तोंडाच्या दोन बाया दिसल्या. रोल मामा धुणार होता. आबा माझ्या पाठीशी उभे होते. फोटो खराब होत नव्हता, माय. मी तिला ओळखलं, म्हणून आत जा म्हटलं.