भेटायला येणाऱ्यांसाठी आडवा

४ नोव्हेंबर
संडासातून उठता आलं नाही. शोभाला हाक मारली. तिने काखेत हात घालून उचललं. बायकोने नवऱ्याला असं ओढून काढायचं, एवढंच बघायचं राहिलं होतं. आणि हा माणूस बारा-बारा तास लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांवर उभा असायचा! रक्ताचा कॅन्सर म्हणतात, मग पाय का गेले?
वजन मात्र तेवढंच. गोळ्यांनी तोंड गरगरीत. गुजराती शेजारीण म्हणाली, "भाई तो सारा लागे छे." चांगला दिसतो म्हणे. दिसणारच.

७ नोव्हेंबर
डॉ.नी स्कॅन दाखवला. मांस आहे, पण त्यात चरबी शिरलीय, जोर उरला नाही. म्हणाले, वजनावर जाऊ नका. मला लगेच कळलं. कांजी मारलेलं कापड. हाताला भरीव, पहिल्या धुण्यात चिंधी.
पुढे मोठी ट्रीटमेंट. माझ्याच पेशी काढून ठेवायच्या, जबर औषध द्यायचं, पेशी परत सोडायच्या. पण अंगात ताकद असेल तरच. त्यासाठी खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवायचं. आज नाही जमलं.
फिजिओ मुलगी म्हणाली, "काका, दिवसभर झोपून राहू नका. उठबस करा, चाला." शोभाने मान डोलावली.

१० नोव्हेंबर
चालतोय कुठला. पाहुणे! भुसावळची गाडी इथे सुरतेत उधन्याला लागली की बमरोलीत आमच्या जिन्यावर चपला वाजतात, आणि शोभा चादर घेऊन धावते. "पडी ऱ्हावा. बठेल दिखनात तर लोके काय म्हनतीन?"
आमच्याकडे आजारी माणूस आडवाच दिसला पाहिजे. उभा दिसला तर आलेल्याचा फेरा फुकट. पलीकडच्या गल्लीत आमच्याच गावचा एक जण होता, असाच आजारी. चहाच्या टपरीवर दिसला, तर गावभर बोभाटा, नाटक करतो म्हणून. तो गेला तेव्हा रडायला तेच पुढे.
म्हणून मी आडवा. ते केळी ठेवतात, पायाशी बसतात, कोणाचं लग्न जमलं ते बोलतात. मी कण्हतोसुद्धा. लाज वाटते.

१२ नोव्हेंबर
शोभाशी भांडलो. फिजिओचं ऐकलंस ना, मग? म्हणाली, "पडनात तर? हाड मोडनं तर कोन उचली?" रडली. मला तिचा राग, पाहुण्यांचा राग, सगळ्यात जास्त या मांड्यांचा.

१६ नोव्हेंबर
धुळ्याहून मोठे मामा. आज ठरवूनच उठलो. भिंत धरत त्यांच्यापर्यंत गेलो. पाया पडायला वाकलो नाही, वाकलो असतो तर तिथेच राहिलो असतो. मामांनी खालून वर पाहिलं. "हाऊ ते चांगला शे! याले काय झायं?" चहा घेतला, गेले.
संध्याकाळी शोभाच्या भावाचा फोन. कॅन्सर खरा आहे ना, विचारत होता. ती माझ्याशी बोलत नाहीये.

२१ नोव्हेंबर
परत खुर्ची. हात छातीशी. मांड्या थरथरत होत्या, पण उठत होतो. खरंच उठत होतो. तेवढ्यात शोभाचा हात काखेत. तिला कळलंही नाही.
"मावशी, हे धरता येणार नाही," फिजिओ म्हणाली. दम लागला होता, परत जमेना. डॉ. म्हणाले, पुढच्या आठवड्यात शेवटचं बघू, नाहीतर सौम्य औषधावर ठेवू. सौम्य म्हणजे नुसते दिवस ढकलायचे.
रिक्षात तिला म्हणालो, तूच मारशील मला. बोललो ते बोललो.

२७ नोव्हेंबर
उद्या खुर्ची. आठवडाभर दार बंद. शोभा दारातूनच सांगते, डॉक्टरांनी भेटायला मनाई केलीय. साफ खोटं. केळी कडीला लटकतात. मेहुणे रुसले. रुसोत मेले, मी मरावं म्हणून येत होते का?
सकाळी पलंगावरून हात न टेकता उठलो. दुपारी नाही जमलं. कशावर भरवसा ठेवायचा...
शोभाला म्हटलं, उद्या तू बाहेर बस. म्हणाली, "नही. मी समोर उभी ऱ्हासू. हात मांगे बांधीसन."
मांड्यांचं काय होईल ते होईल. मला तिच्या हातांची भीती वाटते.